बोरेन फेलोशिप घ्यावी का? उर्दू, लखनौ आणि एका वर्षाची सरकारी नोकरी

पत्र: आमची मुलगी न्यू जर्सीतच जन्मली. सार्वजनिक आरोग्य या विषयात मास्टर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. विद्यापीठात कोणीतरी तिला बोरेन फेलोशिपबद्दल सांगितलं आणि तेव्हापासून तिने उर्दू शिकायला लखनौला जायचं डोक्यात घेतलं आहे. खर्च अमेरिकन सरकार करतं, पण नंतर एक वर्ष सरकारी नोकरी करावी लागते, तीही ‘राष्ट्रीय सुरक्षे’शी संबंधित. तिचे बाबा म्हणतात, हे हेरगिरीचं प्रकरण आहे, यात पडू नकोस. माझी आई आणि दोन्ही भाऊ पुण्यात आहेत, तिथे आमचा एक फ्लॅटही आहे. त्याची काही अडचण येईल का? आणि भारतात जायचंच असेल तर पुण्यात आजीकडे राहून मराठीच का पक्की करू नये? घरी छान बोलते, पण वाचता येत नाही. – एक आई, एडिसन

ताई,

तिच्या बाबांच्या शंकेपासूनच सुरुवात करू, कारण ती मिटल्याशिवाय घरात पुढचं काही बोलणं होणार नाही. ही फेलोशिप १९९१ च्या कायद्याने सुरू झाली. सिनेटर डेव्हिड बोरेन यांनी तो कायदा मांडला, म्हणून हे नाव. पैसा संरक्षण खात्याच्या तिजोरीतून येतो, तर अर्ज मागवणं आणि निवडीची व्यवस्था इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल एज्युकेशन ही संस्था बघते. फेलोशिपवर शिकत असलेल्या विद्यार्थ्याकडून त्या काळात कुठल्याही गुप्तचर यंत्रणेने काम करून घेऊ नये, असं कलम याच कायद्यात आहे. लखनौच्या वर्गात तुमची लेक विद्यार्थिनी असेल, दुसरं काही नाही. नंतरच्या नोकरीसाठी ज्यांना पहिलं प्राधान्य आहे त्यांत संरक्षण खातं, परराष्ट्र खातं, होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षेचं खातं) आणि गुप्तचर संस्था येतात. यांतल्या कुठे अर्ज करायचा हे तीच ठरवते. गुप्तचर संस्थेत जायचं नसेल तर तिथे अर्ज करू नये, इतकं ते सरळ आहे.

बाबांची काळजी मात्र अगदीच पोकळ नाही. फेलोशिपचं नाव बायोडेटावर कायम राहतं. आफ्रिका, मध्यपूर्व आणि लॅटिन अमेरिकेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनांनी नव्वदच्या दशकात या योजनेवर आक्षेप घेतले होते. संरक्षण खात्याच्या पैशावर आलेल्या विद्यार्थ्याकडे परदेशातले लोक संशयाने बघतील, अशी त्यांची भीती होती. मुलीला पुढे पाकिस्तानात एखाद्या स्वयंसेवी संस्थेबरोबर गावोगाव फिरायचं असेल, तर हा विचार तिने आत्ताच करावा. वॉशिंग्टनमध्ये बसून सरकारचं आरोग्य धोरण घडवायचं असेल, तर हेच नाव तिच्या कामी येईल. म्हणून भाषेच्या आधी ‘नंतर कुठे काम करायचं’ हे ठरवावं लागतं. बहुतेक मुलं उलट्या क्रमाने जातात, आणि पुढचा बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो.

हा पैसा शिष्यवृत्तीसारखा दिसला तरी त्यामागे सही केलेला करार असतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला परदेशातल्या २५ ते ५२ आठवड्यांसाठी २५,००० डॉलरपर्यंत मिळतात. त्या बदल्यात किमान एक वर्ष अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकरीत काढायचं, आणि पदवी मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत ती नोकरी सुरू झाली पाहिजे. (पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या बोरेन स्कॉलरशिपला तीन वर्षं असतात. दोन्हींची माहिती शेजारी शेजारी असते, त्यामुळे मुलं चुकीचा आकडा धरून बसतात.) प्राधान्याच्या चार ठिकाणी मनापासून प्रयत्न करूनही जमलं नाही, तर सुरक्षेशी संबंधित काम असलेली इतर केंद्रीय खाती आणि त्यानंतर संबंधित विषयातलं शिक्षणक्षेत्र असा उतरता क्रम आहे. काहीच केलं नाही तर सगळी रक्कम व्याजासकट परत.

‘मनापासून प्रयत्न’ केले हे कागदावर दाखवावं लागतं. करार पूर्ण होईपर्यंत दरवर्षी सेवेचा अहवाल भरायचा असतो. कुठे अर्ज केला, कोणत्या तारखेला, काय उत्तर आलं, याची वही तिने पहिल्या दिवसापासून ठेवावी. अडचणीत ती मुलं येतात जी सहा महिने खरोखर धडपडतात, पण नोंद ठेवत नाहीत. मुदतवाढ मागायची वेळ आली की हातात दाखवायला काही नसतं.

सध्याची परिस्थितीही लक्षात घ्या. जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या नागरी नोकरभरतीवर बंदी आली होती. सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी ज्या यूएसएड या सरकारी मदतसंस्थेकडे आधी वळायचे, तिची परदेशी मदतीची कामं १ जुलै २०२५ पासून परराष्ट्र खात्याकडे गेली. ‘एक वर्ष कुठेही मिळेल’ हे गृहीत धरायचे दिवस हे नव्हेत. २५,००० डॉलर व्याजासह परत करायची पाळी आली तर घर ते झेपवू शकेल का, हा हिशेब तुम्ही तिघांनी एकदा बसून कराच. झेपणारच नसेल, तर सेवेची अट नसलेले मार्ग आधी बघा. क्रिटिकल लँग्वेज स्कॉलरशिप उन्हाळ्यातल्या आठ ते दहा आठवड्यांची असते, आणि विद्यापीठातल्या दक्षिण आशिया केंद्राकडे फ्लास या परदेशी भाषा शिकण्यासाठीच्या फेलोशिपचा निधी असू शकतो. दोन्हींसाठी या वर्षी निधी आहे का, हे आधी फोन करून विचारा.

आता तारखा, कारण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं इथेच चुकतं. फेलोशिपचा अर्ज साधारण जानेवारीच्या अखेरीस बंद होतो आणि निकाल एप्रिल-मेमध्ये कळतो. फेलोशिप चालू असेपर्यंत विद्यार्थ्याची विद्यापीठातली नोंदणी चालू असावी लागते आणि ती संपेपर्यंत पदवी घेता येत नाही. म्हणजे दोन वर्षांत संपणारा मास्टर्स अभ्यासक्रम निदान एका सत्राने लांबणार, कदाचित एका वर्षाने. त्या काळातली नोंदणी फी किती, आरोग्य विमा चालू राहतो का, लखनौच्या अभ्यासाचे क्रेडिट पदवीत धरले जातात का, सहायकाची जागा असेल तर परत आल्यावर ती मिळेल का, ही उत्तरं विभागाकडून ईमेलवर घ्या. तोंडी ‘हो, होईल’ पुरत नाही, कारण ती परत येईपर्यंत विभागप्रमुख बदललेले असू शकतात. दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत अर्ज करून मे महिन्यात पदवी घ्यायची, असा बेत असेल तर तो चालणारच नाही.

बऱ्याच विद्यापीठांत बोरेनसाठी नेमलेली एक व्यक्ती असते. अर्ज वाचायला मदत करते, आणि काही ठिकाणी विद्यापीठाची आतली मुदत बरीच आधी असते. मुलीने पहिली भेट त्यांची घ्यावी.

भाषेकडे येऊ. पुण्यात मराठी का नाही, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही १९६१ पासूनची संस्था पुण्यात परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवते, आणि चांगली शिकवते. पण बोरेनचे परीक्षक दोन गोष्टी बघतात: विद्यार्थी किती पुढे जाणार, आणि ती भाषा येणारा माणूस सरकारला कुठे लागतो. घरात बोलली जाणारी मराठी आणि राहायला आजीचं घर, हे वाचून परीक्षकाला वाटणार की मुलगी सुट्टीला चालली आहे. तिला मराठी वाचायला यावी ही तुमची इच्छा मनापासूनची आहे आणि ती पुरी व्हायला हवी, पण त्यासाठी हा करार लागत नाही. एका उन्हाळ्यात आजीच्या शेजारी बसून रोज वर्तमानपत्राचं एक पान मोठ्याने वाचलं, तरी ती वाचायला लागेल.

उर्दूचं गणित वेगळं आहे. बोरेनअंतर्गत दक्षिण आशियाई भाषांसाठी साफ्ली नावाचा खास उपक्रम आहे. त्यात उन्हाळ्यात आठ आठवडे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला शिकायचं आणि मग पानगळीचं सत्र भारतात: हिंदीसाठी जयपूर, उर्दूसाठी लखनौ. अमेरिकन परराष्ट्र सेवेच्या प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजाने इंग्रजी भाषकाला उर्दूत कामकाजाइतकं प्रावीण्य यायला ४४ आठवडे, म्हणजे सुमारे ११०० तास लागतात. अरबी किंवा चिनीला याच्या दुप्पट. तुमच्या मुलीच्या कानावर मराठी आहे, हिंदी सिनेमा आहे, त्यामुळे उर्दूचं वाक्य तिला पहिल्या आठवड्यापासून कळेल. अडणार आहे ते लिपीत आणि शब्दांत. नस्तालीक लिपीत अक्षरं एकमेकांवर उतरत जातात आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत. त्यामुळे शब्द आधी माहीत असावा लागतो, तेव्हा तो वाचता येतो. आणि सरकारी पत्रातली, बातमीतली उर्दू फारसी-अरबी शब्दांनी भरलेली असते. बोलता येतं म्हणून वाचणंही सोपं जाईल, असं समजणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांचा हिरमोड तिथेच होतो.

म्हणून अर्जातल्या स्वमूल्यांकनात तिने बोलणं, ऐकणं, वाचणं, लिहिणं यांची पातळी वेगवेगळी आणि खरी लिहावी. सरकारी मोजपट्टी शून्य ते पाच अशी असते. तीवर दोन म्हणजे मर्यादित कामापुरती आणि तीन म्हणजे व्यावसायिक कामाची भाषा. ‘ऐकण्यात दोन, वाचण्यात शून्य, वर्षअखेर वाचण्यात दोनपर्यंत’ असं लिहिलेला अर्ज विश्वासाचा वाटतो. सगळीकडे फुगवून लिहिलं तर परीक्षक विचारतात, मग हिला वर्षभर कशाला पाठवायचं?

निबंध हा या अर्जाचा कणा आहे. हा देश आणि ही भाषा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षेला का महत्त्वाची, हे पटवून द्यायचं असतं, आणि सुरक्षा इथे व्यापक अर्थाने धरतात: रोगराई, अन्न, पाणी, हवामान, व्यापार, सगळं चालतं. कमकुवत निबंधाची सुरुवात अशी होते: ‘पाकिस्तान हा अण्वस्त्रधारी देश असून दक्षिण आशियाचं स्थैर्य अमेरिकेसाठी अत्यंत महत्त्वाचं आहे.’ यात खोटं काही नाही, पण हे वाक्य कोणीही लिहील आणि त्यात तुमची मुलगी कुठेच नाही.

तिच्या विषयातली सुरुवात अशी होऊ शकते: ‘नैसर्गिक पोलिओ विषाणूचा सततचा प्रसार आज पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत उरला आहे. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी अबोटाबादमध्ये लसीकरणाची बनावट मोहीम राबवली गेली. ती उघड झाल्यावर लस टोचणाऱ्यांवरचा लोकांचा विश्वास आणखी ढासळला, आणि २०१४ मध्ये व्हाइट हाउसला जाहीर करावं लागलं की सीआयए यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही. अफवा कुठल्या शब्दांत पसरते हे वाचता येणारी माणसं आरोग्य यंत्रणेत असतील, तरच ती वेळेत खोडता येईल.’ आता यात विषय, भाषा आणि सुरक्षा एकाच दोऱ्यात आली. शिवाय आरोग्य आणि हेरगिरी एकत्र आली की काय होतं, हे लेखिकेला ठाऊक आहे, हेही परीक्षकाला दिसलं. तिच्या बाबांनी हा परिच्छेद जरूर वाचावा.

पण पुढचा प्रश्न परीक्षक विचारणारच: पोलिओचा जोर पश्तो बोलणाऱ्या भागात आहे, मग पश्तो का नाही? उत्तर निबंधातच हवं. देशभर पोचणारी वर्तमानपत्रं, दूरचित्रवाणी, राष्ट्रीय पातळीवरचा प्रचार उर्दूत चालतो आणि तिला त्याच पातळीवर काम करायचं आहे, असं ती म्हणू शकते. ‘मग पाकिस्तानात न जाता लखनौ का?’ हा प्रश्नही येतो. त्याचं उत्तर सुरक्षेची परिस्थिती आणि साफ्लीची व्यवस्था, एका वाक्यात.

निबंधात नोकरीचं ठिकाणही नावानिशी यावं. ‘सरकारी सेवेत योगदान द्यायचं आहे’ हे पुरेसं नाही. परराष्ट्र खात्यातलं जागतिक आरोग्य सुरक्षेचं काम, संरक्षण खात्याच्या डिफेन्स थ्रेट रिडक्शन एजन्सीचं जैविक धोके कमी करण्याचं काम, होमलँड सिक्युरिटीचं आरोग्य कार्यालय, यांपैकी दोन निवडून तिथली पदं तिने नीट वाचावीत. त्या पदांना काय पात्रता मागतात हे बघूनच उरलेल्या सत्रातले विषय ठरवावेत. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र येणारी, उर्दू वाचणारी मुलगी दुर्मीळ आहे. नुसती उर्दू येणारी तितकी नाही.

नातेवाईक आणि फ्लॅट. सुरक्षा परवानगी (सिक्युरिटी क्लिअरन्स) लागणाऱ्या पदासाठी एसएफ ८६ नावाचा लांबलचक फॉर्म भरावा लागतो. पुण्यात आजी असणं हा दोष नाही. लपवणं हा दोष आहे. त्या फॉर्ममध्ये आई-वडील, भावंडं अशा जवळच्या नात्यांचा वेगळा भाग असतो. आजी, मामा, मावशी, मामेभाऊ त्यात येत नाहीत, पण ते परदेशी नागरिक असतील आणि गेल्या सात वर्षांत त्यांच्याशी जिव्हाळ्याचा किंवा सततचा संपर्क असेल, तर पुढच्या भागात त्यांची नावं द्यावी लागतात. आजीला दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असेल तर आजी त्यात येणार. मामा भारतात केंद्र किंवा राज्य सरकारच्या नोकरीत असतील, लष्करात असतील, तर तेही लिहायचं. गेल्या सात वर्षांतला परदेश प्रवास तारखांसह द्यावा लागतो. तेव्हा तुम्ही एक काम आजच करा: जुने पासपोर्ट काढून प्रत्येक भारतवारीच्या तारखा कागदावर उतरवा, आणि आजी-मामांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, नोकरी यांची यादी करून ठेवा.

फ्लॅट कोणाच्या नावावर आहे हे बघा. मुलीचं नाव सहमालक म्हणून लावलं असेल, किंवा आजीने तिच्या नावाने मुदत ठेव केली असेल, तर तिला ते परदेशी मालमत्ता म्हणून जाहीर करावं लागेल. पुष्कळ घरांत मुलांना माहीत नसताना अशा ठेवी असतात, आणि फॉर्मवर ‘नाही’ लिहिल्यावर त्या निघतात. एक नाजूक गोष्टही सांगून टाकतो. न्यू जर्सीत गांजा कायदेशीर असला तरी केंद्र सरकारच्या लेखी तो नाही, आणि फॉर्ममध्ये त्याबद्दल थेट प्रश्न असतो. मुलीशी त्यावर मोकळेपणाने बोला. आणि हेही खरं की सगळ्याच पदांना अशी परवानगी लागत नाही.

तिच्याकडे ओसीआय कार्ड असेल तर आणखी एक. ओसीआय म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे, पण सुरक्षा चौकशीत तेही मोकळेपणाने सांगावं. भारताच्या बाजूने अडचण वेगळी आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआयधारकाला भारतात संशोधन किंवा पत्रकारिता करायची असेल, किंवा परदेशी वकिलातीत इंटर्नशिप करायची असेल, तर विशेष परवानगी लागते. लखनौला उर्दू शिकता शिकता प्रबंधासाठी दवाखान्यात जाऊन मुलाखती घ्यायचा मोह तिला होईल. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाली म्हणजे झालं, असं समजू नये. भारत सरकारची परवानगी वेगळी, आणि तिला वेळ लागतो.

परत आल्यावरची एक सोय मुलं वाया घालवतात. बोरेन मिळालेल्यांना नेहमीची स्पर्धात्मक भरती टाळून थेट नेमण्याचा अधिकार केंद्रीय खात्यांना आहे. पण भरती करणाऱ्याला तो नियम माहीत असेलच असं नाही. यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरच्या अर्जातही आणि रेझ्युमेच्या पहिल्या काही ओळींतही ‘बोरेन फेलो, विशेष भरती अधिकारास पात्र’ अशा अर्थाचं स्पष्ट लिहावं, आणि पात्रतेचं पत्र जोडावं. मास्टर्स झालेल्याला जीएस ९ या सरकारी वेतनश्रेणीपासून अर्ज करता येतो. सुरक्षा चौकशीला महिनोन्‌महिने लागू शकतात, म्हणून अर्जांची सुरुवात पदवीच्या आधीच्या सत्रात व्हावी. पदवीनंतर आराम करून मग बघू म्हटलं, तर दोन वर्षांतले पाऊण वर्ष वाट बघण्यातच जातं.

पैशांचं थोडक्यात: फेलोशिपमधून भरलेली शिकवणी फी आणि अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तकं करमुक्त असतात, राहणं-जेवण-विमान यांसाठी वापरलेली रक्कम करपात्र असते. पगारासारखा कर आधी कापून येत नाही, म्हणून तेवढी रक्कम आधीच बाजूला ठेवावी. अंदाजपत्रकात व्हिसा, लसी, लिपीसाठी खासगी शिकवणी हे तिने लिहावं. ‘इतर’ या मथळ्याखाली गोळाबेरीज करू नये.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी: अर्जाच्या वेळी अमेरिकन नागरिक असणं सक्तीचं आहे. ग्रीन कार्ड किंवा एफ १ (विद्यार्थी) व्हिसा असलेल्यांना ही दारं बंद आहेत. पश्चिम युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इथे जायलाही हा पैसा मिळत नाही.

ताई, मुलीने आता लगेच करायचं ते इतकंच: बोरेनच्या विद्यापीठ प्रतिनिधीची वेळ घ्यावी, विभागाला नोंदणी आणि क्रेडिटबद्दल ईमेल करावी, आणि नस्तालीक लिपी शिकायला सुरुवात करावी. अर्ज भरेपर्यंत ती रोज अर्धा तास लिपीला देत राहिली, तर तिचा निश्चय खरा आहे हे तिच्या बाबांनाही दिसेल आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकालाही. आणि लिपीचा सराव दोन आठवड्यांतच बंद पडला, तर अर्ज या वर्षी थांबवा.